'कुशलतेने' म्हणजे लेखकानं नेमकं काय केलं?

वावरातला वाचक

आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयात ('ड' वर्ग, म्हणजे दोन कपाटं आणि हलणाऱ्या खुर्च्या) एक अभिप्राय वही आहे. पुस्तक परत करताना त्यात दोन ओळी लिहायच्या अशी प्रथा. परवा पाऊस लागला म्हणून ती वही चाळत बसलो. कोणतंही पान काढा: "लेखकाने ग्रामीण जीवन कुशलतेने रेखाटले आहे", "व्यक्तिरेखा रंगवण्याचे कसब वाखाणण्याजोगे", "आव्हान लीलया पेलले आहे", "सिद्धहस्त लेखणीतून उतरलेली कादंबरी". पुस्तकाचं नाव झाकलं तर कोणता अभिप्राय कशावर आहे ते ओळखू येत नाही. वाचकांना बोल लावण्यात अर्थ नाही. पेपरातल्या परीक्षणांत आणि मलपृष्ठांवर जे छापून येतं तेच वहीत उतरतं. 'सिद्धहस्त लेखणी'पाशी मात्र मी अडकलो. हात सिद्ध असतो हे मान्य, पण लेखणीला हात कुठून फुटला?

बरं, आपल्याकडे शब्दांचा तुटवडा आहे असंही नाही. कौशल्य, कसब, कुसर, कारागिरी, हातोटी, हातखंडा, नैपुण्य, प्रावीण्य, चातुर्य, हुन्नर, सफाई. शिवाय तरबेज, पटाईत, वाकबगार. इतके शब्द, आणि परीक्षणात सगळ्यांना काम एकच: लेखकाची पाठ थोपटा आणि पुढे चला.

तर विचारायचं असं, की जुन्या कवींनी हे शब्द कसे वापरलेत? तिथेही ते इतकेच पोकळ होते का? मला माहीत असलेलं एक उदाहरण टाकतो. ज्ञानेश्वरीच्या (शके 1212, म्हणजे 1290) पहिल्या अध्यायात साहित्य हेच गणेशाचं रूप, असं रूपक चाललंय. पदबंध हे त्याचं वस्त्र, काव्य-नाटकं ही कमरेची घुंगरं. पुढे ही ओवी येते:

नाना प्रमेयांची परी । निपुणपणें पाहतां कुसरी ।
दिसती उचित पदें माझारीं । रत्नें भलीं ॥

'कुसरी' रचनेत आहे. पण 'निपुणपणें' कोणी काय करायचंय? पाहायचंय. निपुण असायला हवा तो बघणारा! कवीनं निपुणपणे रचलं असं ज्ञानेश्वर म्हणतच नाहीत. आपण नेमका हाच शब्द उचलून लेखकाच्या नावापुढे चिकटवला.

तिफन

भाऊ, हे तं आमच्या वावरातलं हाय. आता टॅक्टरवर पेरनी होते, पन माह्या आजीच्या टायमाले तिफनीमांगं (तिफन म्हंजे बैलानं वढाचं पेरनीचं अवजार) बाई चाले. चाड्यावर (दाना टाकाच्या तोंडावर) हात धरायचा अन् मुठीतून दाना सोडत जायचा. बैलाची चाल जशी, तसा दाना. मूठ सैल सुटली का दाट पडे, आखडली का इरळ. बैल वळनावर थांबला अन् मूठ चालूच राह्यली तं तिथं ढीगच.

आता आयका. पेरनी चालू असतानी "बाई लय कुशल हाय" असं कोनी म्हनत नव्हतं. म्हनून फायदाच नव्हता ना, दाना मातीत गेला, दिसते कोनाले? आठ-धा दिवसानं तास (पेरलेल्या वळी) उगवले का सारं गाव धुऱ्यावरून पाहे. खांडन्या (मंधातल्या रिकाम्या जागा) कुठं पडल्या, दाट कुठं झालं. मंग इचारत, "मूठ कोनाची व्हती?" म्हंजे पह्यले तास पाहाचे, मंग मुठीचं नाव काहाडाचं. तुमचे वहीवाले तास पाहातच नाईत, सिध्धे मुठीचे गुन गातात.

दर्भांकुर

ओवीचा अर्थ वावरातला वाचक यांनी बरोबर लावला आहे. त्यात थोडी भर घालतो. मी संस्कृत शिकवत असे, त्यामुळे सवय जात नाही.

'निपुणता' हा साहित्यशास्त्रात केवळ कौतुकाचा शब्द नाही, ती संज्ञा आहे. अकराव्या शतकातल्या मम्मटाने काव्यप्रकाशात काव्याचा हेतू (म्हणजे कारण) सांगताना तीन गोष्टी एकत्र बांधल्या: शक्ती, निपुणता आणि अभ्यास. शक्ती म्हणजे प्रतिभा, ती उपजत. अभ्यास म्हणजे काव्य जाणणाऱ्याच्या हाताखाली केलेला सराव. मधली निपुणता कशी येते? 'लोकशास्त्रकाव्याद्यवेक्षणात्'. लोक, शास्त्रे आणि काव्ये यांच्या अवलोकनाने. या यादीत 'लोक' पहिला आहे हे मी वर्गात मुद्दाम दोनदा सांगत असे. म्हणजे कवीची निपुणतासुद्धा मुळात पाहण्यातूनच येते. ज्ञानेश्वरांच्या 'निपुणपणें पाहतां'शी हे किती जवळचे आहे बघा.

आता 'कुशल'. याची परंपरेने सांगितलेली व्युत्पत्ती मोठी लोभस आहे. कुश म्हणजे दर्भ. त्याची पाती धारदार, निष्काळजीपणे उपटायला गेलात तर बोट कापते. बोट न कापता जो कुश आणतो तो कुशल. तसेच वीणा वाजवण्यात जो वरचढ तो प्रवीण. मम्मट 'कर्मणि कुशलः' हे लक्षणेचे (मूळ अर्थ सोडून दुसरा अर्थ घेण्याचे) उदाहरण देतो: मूळ अर्थ गवत आणणारा, रूढीने झाला कोणत्याही कामात तरबेज. यावर चौदाव्या शतकातला विश्वनाथ साहित्यदर्पणात हरकत घेतो. शब्द कसा बनला हे एक आणि तो कशासाठी वापरतात हे दुसरे, असे त्याचे म्हणणे. व्युत्पत्तीचाच अर्थ मुख्य धरायचा असेल तर 'गाय निजली आहे' इथेही लक्षणा मानावी लागेल, कारण 'गौः' हा शब्द 'जाणे' या धातूपासून आला आहे! निजलेली गाय जाणार कशी? हा युक्तिवाद मला आजही हसवतो.

जाता जाता: ज्या प्रदेशात दर्भ नाही तो विदर्भ, अशीही एक लोकप्रिय व्युत्पत्ती आहे.

अबे थांब

म्हंजे दर्भच नाई तं कुशल कुठून होईन? आपल्या इकडच्या रस्त्यांचं गूढ आज उकललं बाप्पा.

वाशीमची लेक

सर, दर्भ नसेल पण 'वैदर्भी' तर आपलीच ना! तो शब्द राहिला म्हणून लिहिते.

संस्कृत काव्यशास्त्रात लेखनाच्या घडणीला रीती म्हणतात आणि त्यातल्या सर्वांत मानाच्या रीतीला आपल्या प्रदेशाचं नाव आहे. काव्यशास्त्रकार वामनाने वैदर्भी, गौडी, पांचाली अशा तीन सांगितल्या आणि सगळे गुण एकट्या वैदर्भीत भरले. गौडी म्हणजे लांबलचक समास, दणदणीत अक्षरं. वैदर्भी म्हणजे समास नाहीत किंवा अगदी थोडे, कानाला गोड, वाचताच कळणारी. कालिदासाला तिच्यात सर्वश्रेष्ठ मानतात.

आणि राजशेखराच्या काव्यमीमांसेतली गोष्ट तर आमच्या गावात घडते. सरस्वतीचा मुलगा काव्यपुरुष रुसून निघून जातो. त्याला परत वळवायला गौरी साहित्यविद्यावधूला निर्माण करते. ती त्याच्या मागे देशोदेशी फिरते, जिथे जाते तिथला वेश, तिथलं नृत्य, तिथली बोली घेते. पूर्वेकडे तो फारसा बधत नाही, तेव्हा त्याच्या तोंडून समासांनी भरलेली भाषा येते, ती गौडी. पुढे थोडा विरघळतो, ती पांचाली. दक्षिणेत पुरता विरघळतो आणि सरळ, मोकळं बोलतो, ती वैदर्भी. त्यांचं लग्न लागतं ते विदर्भातल्या वत्सगुल्म नगरीत. वत्सगुल्म म्हणजे आजचं वाशीम, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. बसस्टँडवर कोणाला विचारून बघा, काव्यपुरुषाची सासुरवाडी कुठे म्हणून.

मला यात आवडतं ते असं: तो जितका दूर राहतो तितकी भाषा अवघड होते, आणि जवळ येतो तशी सोपी. म्हणजे कौशल्याची वरची पायरी सोपेपणाची आहे. अभिप्राय वहीत 'ओघवती भाषा' असं लिहितात, तो बहुधा वैदर्भीचाच दूरचा नातेवाईक. फार झिजलाय बिचारा.

गझलगोंधळी

अमरावतीकडून एक शब्द माझाही: 'तंत्रशुद्ध'. आमच्या मुशायऱ्यांत एखाद्याची गझल ऐकून ज्येष्ठ माणूस "तंत्रशुद्ध आहे" एवढंच म्हणाला आणि पाणी प्यायला लागला, तर समजायचं, शेर मेला. वृत्त बरोबर, काफिया (यमक) बरोबर, रदीफ (काफियानंतर पुन्हा पुन्हा येणारा तोच शब्द) जागेवर, बाकी काही नाही. गंमत म्हणजे तंत्राचा हा आग्रह ज्यांनी लावला त्या सुरेश भटांनी (तेही अमरावतीचेच, जन्म 1932) 'गझलेची बाराखडी' लिहून नवख्यांना वाटली. तिच्या नावातच सगळं आलं. बाराखडी आली म्हणून कोणी कवी होत नाही, आणि न येता कोणी गझल लिहू शकत नाही.

दुसरं टोक बघायचं तर मोरोपंत (1729–1794). एकशेआठ रामायणं लिहिली, त्यातलं एक निरोष्ठ. निरोष्ठ म्हणजे ओठाला ओठ लागेल असं अक्षर येऊ द्यायचं नाही. प, फ, ब, भ, म बाद. आता थांबून विचार करा. रामायण लिहायचं आणि 'राम' म्हणायचं नाही! कारण 'म' आला. सीतेच्या नवऱ्याला राघव वगैरे म्हणत निभावून न्यायचं. याला कौशल्य नाही म्हणायचं तर मग कशाला म्हणायचं? पण ते वाचताना माझं लक्ष रामाकडे राहत नाही, पंतांच्या ओठांकडे जातं. कारागिरी हा शब्द मराठी समीक्षेत नाक मुरडून वापरतात तो अशाच ठिकाणी.

पांढरकवडी

'कारागिरी' नाक मुरडून वापरतात, बरोबर. पण का, तेही बघू या. निपुण, कुशल, प्रवीण हे संस्कृतातून आले आणि पंडितांकडे राहिले. कसब अरबी, हुन्नर आणि कारागीर फारसीकडून, ते सुतार-लोहार-विणकरांच्या वाट्याला गेले. कवीकडे प्रतिभा, कोष्ट्याकडे कारागिरी. म्हणून कवीला कारागीर म्हटलं की त्याला खाली उतरवल्यासारखं वाटतं. कोष्ट्याला विचारलं तर तो म्हणेल, उतरवलं कुठे, वर चढवलं!

आणि बायांच्या वाट्याला काय? 'कसब'चा अरबी अर्थ कमाई, कमावलेली गोष्ट. पुरुष 'कसबी' झाला तर तो तरबेज. बाईला 'कसबीण' म्हटलं तर काय अर्थ होतो ते जुना कोणताही कोश उघडून बघा. एकच शब्द, एक प्रत्यय लागला आणि स्तुतीची शिवी झाली. बाईसाठी स्तुतीचा खास शब्द एकच, 'सुगरण'. तो 'सुगृहिणी'वरून आलेला, त्यामुळे चुलीपासून हलत नाही. त्याला पुल्लिंग नाही. गावजेवणात पाचशे माणसांचं वरण एकहाती उतरवणाऱ्या आचाऱ्याला कोणी सुगरण म्हणत नाही.

या सगळ्यातून बहिणाबाईंनी जी वाट काढली ती मला फार मोठी वाटते. त्या खानदेशच्या, पण त्यांची 'तुले-मले' आपल्या कानाला परकी नाही. सुगरणीच्या खोप्याच्या कवितेत त्या म्हणतात, 'पाखराची कारागिरी / जरा देख रे मानसा'. कारागिरी शब्द आला, पण त्यावर त्या थांबत नाहीत. पुढे हिशोब मांडतात:

तिची उलूशीच चोच
तेच दात, तेच ओठ
तुले देले रे देवानं
दोन हात दहा बोटं

अवजारं मोजून दाखवली. तिच्याकडे एक चोच, तुझ्याकडे दहा बोटं. कौशल्य किती ते सांगायला विशेषण लागलंच नाही. आणि शेवटचा टोला माणसाला. 'कुशलतेने विणलेले घरटे' असं लिहिलं असतं तर ती ओळ पाठ्यपुस्तकातच मेली असती.

रानपिंगळा

पक्षी बघणारा म्हणून एक माहिती. खोपा विणते ती सुगरण मादी नाही, नर विणतो. पावसाळ्याच्या तोंडावर पिवळ्या डोक्याचे नर पात्यांच्या लांब पट्ट्या फाडून आणतात. अर्धा खोपा झाला, शिरस्त्राणासारखा, की मादी येऊन तपासते. पसंत पडला तर तो पुरा होतो, नाही तर तसाच लोंबकळत राहतो. विहिरीवरच्या बाभळीला असे अर्धे खोपे पुष्कळ दिसतात. तेव्हा पांढरकवडीताई, सुगरणला पुल्लिंग नाही म्हणता, निसर्गात फक्त पुल्लिंगच आहे.

पांढरकवडी

@रानपिंगळा, मस्त! म्हणजे विणतो तो आणि नाव तिचं. एकदा तरी उलटं झालं म्हणायचं. बहिणाबाईंच्या कवितेला याने धक्का लागत नाही, चोच नराचीही उलूशीच. पण तुम्ही मुद्दा भलताच पक्का केलात. पारखणारी मादी! वावरातल्या वाचकांची ओवी आठवा, 'निपुणपणें पाहतां कुसरी'. कुसर नराची, निपुणपणे पाहणं मादीचं.

अबे थांब

अर्धे खोपे म्हंजे साभार परत आलेल्या कविता.

झाडीचा पाहुणा

गडचिरोलीकडून. आमच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर रात्र-रात्र नाटकं चालतात. तिथे नट 'कसलेला' आहे म्हणतात. कसलेलं वावर, कसलेला नट. हा शब्द मला कुशलपेक्षा जवळचा वाटतो, कारण त्यात केलेली मेहनत दिसते. बाकी पावती 'वन्स मोर'ची. पहाटे तीन वाजता थंडीत कुडकुडणाऱ्या माणसानं वन्स मोर मागितला की परीक्षण झालं.

पिंपळपार

मी जरा विरुद्ध बोलतो. वहीत 'कुशलतेने' लिहिणाऱ्यांना सगळे मिळून हसताय, पण लिहितं कोण? आमच्या वाचनालयात एक ताई आहेत, सातवी शिकलेल्या, पोरं शाळेत गेल्यावर पुस्तकं न्यायला लागल्या. त्यांना पुस्तक आवडतं, ते सांगायचंय, आणि लिखाणात सांगायची भाषा त्यांना पेपरातूनच माहीत. 'कुशलतेने' हा त्यांच्यासाठी नमस्कार आहे. नमस्कारात कोणी माहिती शोधत नाही. तुम्ही म्हणाल की हा शब्द चालणार नाही, तर त्या वही उघडणार नाहीत. रामदासांनी चातुर्यलक्षणाच्या समासात म्हटलंय ना, 'रूप लावण्य अभ्यासितां न ये, सहजगुणास न चले उपाये, कांहीं तरी धरावी सोये अगांतुक गुणाची'. जे उपजत नाही ते कमवायचं असतं, आणि कमवायला वेळ लागतो. वाचकालाही.

वावरातला वाचक

@पिंपळपार, हे पटलं. शब्दावर बंदी घालायचा विचार नव्हताच. तिफनभाऊंच्या तासांवरून एक सुचलंय. वहीत नवा रकाना आखतो: 'पुस्तकातली एक जागा सांगा. पान क्रमांक आणि तिथे काय होतं.' वर कुशलतेने लिहा, लीलया लिहा, काय ते लिहा. खाली जागा मात्र द्यायची.

दर्भांकुर

उत्तम. एक जुना दाखला देऊन थांबतो. महानुभाव कवी भास्करभट्ट बोरीकर यांनी शिशुपालवध रचला आणि गुरुबंधूंना दाखवला. त्यांचा अभिप्राय परंपरेने जपलेला आहे. भावार्थ असा: ग्रंथ चांगला झाला, पण निवृत्तांच्या (संसार सोडलेल्यांच्या) जोगा नाही, तो शृंगारी प्रवृत्तांच्या (संसारात रमलेल्यांच्या) जोगा झाला. पहिल्या दोन-तीन शब्दांत कौशल्य मान्य करून टाकले आणि लगेच खरा प्रश्न विचारला: हे कोणाच्या कामाचे? यानंतर भास्करभट्टांनी भागवताच्या एकादश स्कंधावर उद्धवगीता लिहिली. एका ओळीचा अभिप्राय दुसरा ग्रंथ लिहायला लावतो. तुमच्या वहीत असे एखादे निघाले तर इथे जरूर टाका.

तोच मान नरेंद्र कवीच्या रुक्मिणीस्वयंवराचा. रामदेवराय यादवाने सोने देऊ केले आणि ग्रंथावर आपले नाव मागितले, असे सांगतात. नरेंद्राने नकार दिला, आमच्या कविकुळाला बोल लागेल म्हणून. कौशल्य विकत घेणारा राजा आणि ते न विकणारा कवी. आणि रुक्मिणी कोणाची? कौंडिण्यपूरची, आपल्या वर्धा नदीकाठची.

वाशीमची लेक

सर, तुम्ही 'थांबतो' म्हणून पुढे एक परिच्छेद लिहिलात. 🙂

वावरातले वाचक, रकान्यात अजून एक टाका: 'कुठे अडखळलात?' खांडण्याही मोजायला हव्यात.

तिफन

रकाना आखा, पन वहीले पेन दोरीनं बांधून ठेवा भाऊ. आमच्या वाचनालयात वही हाय, अभिप्राय द्याले मानसं हायत, पेनच राहात नाई.